काजूचेही झाडच असते

जून उजाडला की पुण्यात खड्डे खणण्याची धांदल उडते. टेकडीवर रोपे, शाळेत रोपे, सोसायटीच्या कुंपणालगत रोपे. या उत्साहाला करोनानंतर एक नवे कारण चिकटले आहे. जंगले तोडली म्हणून विषाणू माणसांत शिरले, तेव्हा झाडे लावा आणि साथी टाळा. हे वाक्य भित्तिपत्रकावर वाचले आणि व्याख्यानमालेतही ऐकले. त्याच्या पुष्ट्यर्थ हमखास येणारा दाखला क्यासनूर जंगलतापाचा, म्हणजे कोकणात ज्याला माकडताप म्हणतात त्याचा. हा विषाणू पुण्यातल्याच संस्थेने वेगळा केला, त्यामुळे आपल्याला तो घरचा साक्षीदार वाटतो. त्याची उलटतपासणी मात्र कोणी घेतलेली दिसत नाही.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. पेरूच्या ॲमेझॉन भागात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जंगल उरलेल्या जागांपेक्षा तोड झालेल्या जागी हिवतापाचा मुख्य डास माणसाला २७८ पटींहून अधिक चावतो असे आढळले. ब्राझीलच्या १३ वर्षांच्या आकडेवारीवरून २०१९ साली असा हिशेब मांडला गेला, की जंगलतोड १० टक्क्यांनी वाढली तर हिवताप ३.३ टक्क्यांनी वाढतो. सावली गेली, ऊन पडले, पाण्याची डबकी तापली, डासाचे फावले. यात हसण्यासारखे काही नाही आणि ते खोडून काढण्याचा माझा इरादाही नाही. पण त्याच ब्राझीलच्या अभ्यासातली पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. हा परिणाम ठसठशीत दिसतो तो आतल्या, अजून पुष्कळ रान उरलेल्या भागात. जिथे तोड जुनी झाली आणि रान जवळजवळ संपलेच, तिथे तो फिका पडतो. अर्थात तोडीचा आकडा एवढाच प्रश्न नाही. तोड कोणत्या टप्प्यावर आहे आणि उरलेल्या रानाला कड किती आहे, हेही विचारावे लागते.

आता घरच्या साक्षीदाराकडे वळू. १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५७च्या उन्हाळ्यात शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यातून बातमी आली, की क्यासनूरच्या रानात माकडे मरत आहेत आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणत आहेत. माकडे आणि माणसे एकाच वेळी म्हटल्यावर पहिली शंका आली पीतज्वराची, आणि ती धडकी भरवणारी होती, कारण आशियात तो रोग कधी आलेलाच नव्हता. पुण्याहून पथक गेले. विषाणू हाती लागला तो वेगळाच निघाला: गोचिडातून पसरणारा, रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. मग सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांवर संशय गेला. सलीम अलींच्या पक्षी-स्थलांतराच्या मोठ्या प्रकल्पाला जागतिक आरोग्य संघटनेचा हातभार लागला, त्यामागे हाच संशय होता. बिचारे पक्षी त्यातून सुटले, पण सुटेपर्यंत हजारोंच्या पायांत कडी पडली.

माकडतापाच्या कामासाठी पुण्याच्या केंद्रात होर्हे बोशेल नावाचे कोलंबियन शास्त्रज्ञ होते. पीतज्वर त्यांनी मायदेशी रानात हिंडून अभ्यासला होता. लाकूडतोड्यांनी झाड आडवे पाडले की शेंड्याला राहणारे निळे डास त्याच्याबरोबर जमिनीवर येतात आणि माणसांना डसतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले. असा माणूस शिमोग्याच्या मलनाडात आला म्हणजे झाड तोडण्यालाच दोषी धरील, असे कोणालाही वाटेल. १९६९ साली त्यांनी मांडलेला विचार मात्र जास्त गुंतागुंतीचा आहे. विषाणू रानात पूर्वीपासून असावा, उंदीर-चिचुंद्र्या आणि गोचीड यांच्यात गुपचूप फिरत. गावे वाढली, रानात तुकड्या-तुकड्यांनी भातखाचरे शिरली आणि खाचरांमागून गुरे शिरली. या गोचिडाची पिल्ले उंदरांवर आणि जमिनीवरच्या पाखरांवर पोसतात, मधल्या वयातले गोचीड माकडांना आणि माणसांना चावतात, आणि पूर्ण वाढलेल्याला मोठे जनावर लागते. पूर्वी सांबर-गवे होते ते कितीसे? आता गोठेच्या गोठे चालून आले. गुरे विषाणू वाढवत नाहीत. ती गोचीड वाढवतात. त्यात तोडलेल्या रानाच्या कडेने माजलेली घाणेरीची जाळी, जिच्यात उंदरांना उत्तम आसरा. म्हणजे आरोपींची यादी अशी: खाचर, गाय, घाणेरी. कुऱ्हाड यात आहेच, पण ती एकटी नाही.

ही बारकाई निरुपद्रवी वाटत असेल तर दक्षिण कन्नड जिल्ह्यात चला. १९८२-८३ साली बेळतंगडी तालुक्यात निडले येथे मोठे रान साफ तोडण्यात आले आणि त्यानंतर या रोगाच्या आजवरच्या सर्वांत भीषण साथींपैकी एक उसळली. रुग्ण हजाराच्या वर गेले, मृत्यू शंभराच्या वर. झाडे लावा पक्ष हे उदाहरण आनंदाने स्वीकारतो. पण ते रान कशासाठी तोडले होते? काजू लावण्यासाठी. ती वृक्षलागवडच होती.

तोच काजू पुढे आपल्याकडे भेटतो. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६च्या आरंभी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माकडताप प्रकटला. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याकडे. रोगाचा हंगाम डिसेंबर ते मे, आणि काजूचाही थोडाफार तोच. बी गोळा करायला माणूस वाकतो तो पालापाचोळ्यावर, आणि चावरे गोचीड असते तेही पाल्यातच. त्याच काळात जळणासाठी रानात जाणे असते. गेल्या पाव शतकात या भागात डोंगरउतार सपाट करून रबर आणि अननसही आले. अशा मुलखात रान आणि बाग यांची सीमारेषा किती वळणे घेत असेल, याची कल्पना पुण्याच्या टेकडीवर उभे राहून येत नाही. २०२० साली पश्चिम घाटातल्या माकडतापाचे जे नकाशे भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून केले, त्यांत धोका जास्त दिसला तो ओले सदाहरित रान आणि लागवड यांची सरमिसळ असलेल्या, देशी गुरे पुष्कळ असलेल्या भागांत. बोशेल यांचे म्हणणे अर्ध्या शतकानंतर उपग्रहाच्या मदतीने पुन्हा ऐकू आले म्हणा ना.

आणि हे सगळे कागदावर दिसतच नाही, ही खरी मेख. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठी जमीन आणि १० टक्क्यांहून अधिक झाडांचे छत्र असले की ते वनाच्छादन, मग मालकी कोणाची का असेना आणि झाडे कोणती का असेनात. जांभूळ-किंजळाची राई गेली आणि रबर उभा राहिला तर हिशेब जवळपास जुळतो. त्यामुळे समोरच्या बाकावर बसलेला दुसरा वादी सुखाने म्हणतो, ‘जंगल कमी झालेलेच नाही, मग रोगाचा संबंध काय?’ झाडे लावणारा आणि जंगल घटले नाही म्हणणारा, दोघेही एकाच तक्त्यावर विश्वास ठेवतात. त्यांचे भांडण मला म्हणूनच लुटुपुटूचे वाटते.

या दुसऱ्या वाद्याचा एक मुद्दा मात्र मान्य केला पाहिजे. तपासणी सुधारली म्हणून रोग नव्या जागी ‘आला’ असे वाटते, हे काही अंशी खरे आहे. पुण्याच्या संस्थेने २०१२च्या सुमारास जलद चाचणी तयार केली आणि त्यानंतर एकामागून एक जिल्हे उजेडात आले. शिवाय १९५०-६०च्या दशकांतच कच्छ-सौराष्ट्रात लोकांच्या रक्तात या किंवा याच्या जवळच्या विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या. तिथे मलनाडाचे रान कुठले? एवढ्यावरून कडेचा मुद्दा पडत नाही. विषाणू असणे आणि साथ येणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर कोण मिटवते हाच तर वाद आहे.

उलट बाजूने, राखलेले रान म्हणजे कवच असेही समजू नये. २०१२ साली बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात मेलेली माकडे हाताळणाऱ्या वन कामगारांना हा ताप झाला. महाराष्ट्रातला सर्वांत रानाळ जिल्हा गडचिरोली, आणि हिवतापात वर्षानुवर्षे पुढे असणारा जिल्हाही तोच. तिथल्या रानातल्या झऱ्यांवर वाढणारा डास गावाला पुरून उरतो. ‘रान राखले की रोग गेला’ हे गडचिरोलीच्या आशाताईला सांगून पाहावे.

निपाह विषाणूची कथा तर अधिकच बोलकी. मलेशियात १९९८-९९ साली तो उसळला तेव्हा, इंडोनेशियातल्या वणव्यांनी वटवाघळे बेघर झाली म्हणून ती डुकरांच्या गोठ्यांवर आली, असे सांगितले गेले. ही कथा आजही वक्त्यांच्या तोंडी असते. नंतरच्या अभ्यासाने बोट ठेवले ते डुकरांच्या प्रचंड फार्मवर आणि त्याला लागून लावलेल्या आंब्यांवर. उष्टी फळे खाली, डुकरे खाली, आणि वटवाघळे त्या मुलखात आधीपासूनच होती. इथेही झाड तोडलेले नव्हते, लावलेले होते.

राहिले पुणे. २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात झिका सापडला, २०२४ साली शहरात एरंडवण्यापासून सुरुवात झाली. डेंग्यू-चिकुनगुन्या तर पाचवीलाच पुजलेले. हे तिन्ही पसरवणारा डास आफ्रिकेतले रान सोडून माणसाच्या घरी राहायला आला त्याला शतके लोटली. त्याला पिंप लागते, कूलरची टाकी लागते, अर्धवट बांधकामातले तुंबलेले पाणी लागते. शहरातली वेताळ टेकडी वाचलीच पाहिजे, या मताचा मीही आहे. पण ती डेंग्यूच्या नावाने वाचवायला निघालो, तर पुढच्या वर्षी टेकडी शाबूत आणि वॉर्ड तापाने भरलेला, असे दृश्य विरोधकाच्या हाती देऊन बसू. टेकडीच्या बाजूने बोलायला पाणी, उष्मा, पाखरे, पुरेशी साक्ष आहे.

पुन्हा माकडतापाकडे येऊ. दोडामार्गात काय करतात ते पाहा. रानात मेलेले माकड दिसले की वनखात्याला कळवायचे, त्याभोवती पन्नासेक मीटरच्या वर्तुळात मॅलॅथिऑनची भुकटी टाकायची, कारण माकड थंड पडू लागले की अंगावरचे गोचीड तिथेच उतरतात. रानात जाणाऱ्याला अंगाला लावायला तेल द्यायचे. लसही टोचली गेली. पण तिचा गुण कमी होत चालल्याचे दिसल्यावर २०२२ साली ती बंद झाली. म्हणजे आता तेल आणि भुकटी. वनखाते झाडे मोजते, पशुसंवर्धन खाते गुरे मोजते, कृषी खाते काजूचे क्षेत्र मोजते आणि आरोग्य खाते रुग्ण मोजते. काजूची बाग, गोठा आणि रानाची कड एकमेकांपासून किती पावलांवर आहेत, याचा रकाना यांपैकी कोणाच्याच वहीत नाही.