वळिवड्याची पोलिश छावणी : ठरावावर मिळालेला आसरा

निराश्रितांस आसरा देणें हें पुण्यकर्म होय, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. परंतु हजारों माणसांस एकाच वेळीं छप्पर, पाणी, शिधा आणि शाळा पुरवावयाची असतां पुण्यकर्मासही हिशेबाची वही लागते. जागा कोणाची, घरें बांधणार कोण, खर्च कोणाच्या नांवें पडावयाचा आणि हा आसरा किती दिवसांचा, हे प्रश्न केवळ दयेनें सुटत नाहींत. त्यांस ठराव लागतो. असा एक मोठा ठराव दुसऱ्या महायुद्धांत आपल्या मराठी मुलखांत झाला, आणि ज्यांच्यासाठीं तो झाला ते बहुतेक आपलेच कॅथॉलिक धर्मबंधु होते. येरमाळ्याच्या वाचकांस कोल्हापूर दूरचें वाटेल. पण बार्शीहून अरुंद रुळांची गाडी त्या काळीं कुर्डुवाडी व पंढरपुरावरून मिरजेस जात असे, आणि मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरच वळिवडें आहे.

1939 च्या सप्टेंबरांत जर्मनी आणि रशिया या दोन शेजाऱ्यांनीं पोलंड वांटून घेतला. पूर्वभाग रशियाच्या हातीं गेला, आणि 1940 च्या फेब्रुवारीपासून तेथील कुटुंबेंच्या कुटुंबें आगगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानाकडे धाडण्यांत आलीं. 1941 सालीं जर्मनी रशियावर उलटला तेव्हां मॉस्कोचें धोरण फिरलें. 30 जुलै रोजीं लंडन येथील परागंदा पोलिश सरकाराशीं करार झाला आणि या लोकांस मोकळीक मिळाली. जनरल आंडर्स यांच्या सैन्याबरोबर 1942 सालीं 1 लाखाहून अधिक पोल इराणांत उतरले. सैनिक लढाईवर गेले. मागें उरल्या त्या बायका, मुलें आणि वृद्ध माणसें. त्यांतील कांहीं आफ्रिकेंत गेलीं, कांहीं मेक्सिको व न्यूझीलंडकडे गेलीं, आणि सुमारें 5,000 कराचीच्या वाटेनें 1943 पासून वळिवड्यास आलीं. तत्पूर्वीं नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं बालाचडी येथें शेंकडों पोलिश मुलांस थारा दिला होता. ती हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. वळिवड्याची तितकीशी ठाऊक नाहीं, बहुधा तिच्यांत एखादा दानशूर राजा नसून सरकारी कागदपत्रच अधिक आहे म्हणून.

आम्हांस मात्र तो कागदपत्रच महत्त्वाचा वाटतो. भूमि कोल्हापूर संस्थानची. छावणी उभी करण्याचें आणि देखरेखीचें काम हिंदुस्थान सरकारचें. त्याचे प्रमुख निर्वासित अधिकारी कॅप्टन ए. डब्ल्यू. टी. वेब हे होते. खर्चाचा भार लंडन येथील पोलिश सरकारवर, आणि त्या सरकारास पैका ब्रिटनच्या कर्जांतून मिळे. मुंबईस पोलिश वकिलातीचे प्रमुख बनासिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधि असलेल्या त्यांच्या पत्नी कीरा बनासिन्स्का यांनीं मध्यस्थाचें काम केलें. थोडक्यांत, जमीनमालक एक, बांधणारा दुसरा, भाडें भरणारा तिसरा, आणि राहणारांचा यांपैकीं कोणावरही कायद्याचा हक्क नाहीं. असल्या व्यवस्थेंत माणूस सहज बिलावरील आंकडा बनतो.

तसें येथें फारसें झालें नाहीं, आणि त्याचें कारण आमच्या मतें अगदीं घरगुती आहे : चूल. पुष्कळ छावण्यांत एक मोठा भटारखाना असतो आणि माणसें ताटें घेऊन रांगेंत उभीं राहतात. वळिवड्यास लांबच लांब बराकींचे भाग पाडून प्रत्येक कुटुंबास स्वतःच्या खोल्या, ओसरी आणि स्वयंपाकाची जागा दिली होती. हातांत ठराविक भत्ता पडे. तो घेऊन बाई छावणीच्या बाजारांत जाई, आणि आपल्या मुलांस काय रांधावयाचें तें स्वतः ठरवी. ज्या स्त्रीनें दोन वर्षें दुसऱ्याच्या हुकुमावर लांकडें तोडलीं, तिला हें केवढें वाटलें असेल! छावणीचा अंतर्गत कारभारही पोलिश लोकांकडेच होता. त्यांच्या शाळा होत्या, रुग्णालय होतें, अनाथ मुलांसाठीं वसतिगृह होतें, बालवीरांचीं पथकें होतीं. देऊळही होतें, आणि तेथें मिस्सा होत असे. पंचगंगेच्या कांठच्या उंसाच्या मुलखांत पोलिश भाषेंत नाताळचीं गाणीं उठत, हें आज कल्पनेनेंही नवल वाटतें.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्या 1943 सालीं ही छावणी उभी राहिली, त्याच सालीं बंगालांत लाखों लोक अन्नावांचून मेले. सरकार तेंच. पांच हजार परदेशीयांची सोय नीट लावतां येते आणि घरच्यांची लावतां येत नाहीं, हें त्या राजवटीस शोभणारें नव्हतें. त्यांत वळिवड्याच्या पोरक्या मुलांचा मात्र कांहींच अपराध नव्हता.

या व्यवस्थेंतील दुबळी जागा 1945 च्या जुलैंत उघडी पडली. ब्रिटन आणि अमेरिका यांनीं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. भाडें भरणारा पक्षच एका दिवसांत नाहींसा झाला! मधल्या काळांत ब्रिटिश खजिन्यानें भार उचलला. पुढें संयुक्त राष्ट्रांची साहाय्य व पुनर्वसन संघटना आली, जिला सारे ‘उनरा’ म्हणत. तिचा कल माणसांस स्वदेशीं परत पाठविण्याकडे होता. पण स्वदेश कोठें? यांपैकीं बहुतेकांचीं गांवें नव्या सीमेप्रमाणें रशियाच्या पोटांत गेलीं होतीं. ‘युद्ध संपेपर्यंत’ असें ज्या आसऱ्याचें स्वरूप होतें त्याची मुदत युद्धाबरोबर सरली, आणि माणसें तेथेंच राहिलीं. 1946 अखेर बालाचडीचीं मुलेंही वळिवड्यास आणण्यांत आलीं. मग कांहीं लोक पोलंडास परतले, ज्यांचे नवरे वा मुलगे सैन्यांत होते ते ब्रिटनला गेले, कांहीं आफ्रिकेकडे व इतरत्र पांगले. 1948 च्या आरंभीं छावणी रिकामी झाली.

ते महिने आमच्या भागास निराळ्या कारणानें आठवतात. येरमाळें तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. रझाकारांच्या भयानें त्या काळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील पुष्कळ माणसें सरहद्द ओलांडून बार्शी व सोलापुराकडे गेलीं, आणि 17 सप्टेंबर 1948 नंतर बरींचशीं परतलीं. त्यांच्यासाठीं दोन सरकारांमध्यें असा कोणताही ठराव झालेला नव्हता. ज्यास जेथें थारा मिळाला तेथें तो राहिला. वळिवड्यास जें होतें त्याची किंमत या तुलनेनें कळते.

रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहींत. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या हिंदु कुटुंबांस तेथें वसविण्यांत आलें, जसें कल्याणच्या लष्करी छावणींत जवळजवळ 1 लाख लोकांस वसवून 1949 सालीं उल्हासनगर नांव देण्यांत आलें. पण यांस पोलांप्रमाणें परत जाण्याचा प्रश्न नव्हता. हे कायमचे रहिवासी होते, आणि त्यांनीं तेथें व्यापार मांडला. तीच वसाहत आज गांधीनगर या नांवानें ओळखली जाते. कापडाची घाऊक खरेदी करण्यास दूरदूरचे दुकानदार तेथें जातात. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमींत त्या पांच वर्षांत वारलेल्या 70 हून अधिक पोलिश माणसांच्या कबरी आहेत, आणि शहरांतील महावीर उद्यानांत त्यांचें स्मारक उभें आहे. छावणींत वाढलेले कांहीं जण वृद्धपणीं दूरदेशांहून त्या कबरी पाहण्यास आले होते.