काटेरी पंखांचे मासे आणि गोदावरी खोऱ्यातील वाम

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. मात्र पूर्णा आणि पैनगंगा या नद्या ज्या गोदावरी खोऱ्यात येतात, त्या खोऱ्यातील वाम हा मासा बहुतांशी सागरी असलेल्या एका मोठ्या गटाच्या वर्गीकरणाचा इतिहास समजून घेण्यास फार उपयोगी आहे. स्वीडनचा पीटर आर्टेडी याच्या 1738 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ज्यांच्या पंखांतील काही आधारशलाका टणक व टोकदार असतात अशा माशांचा ‘अकँथोप्टेरिजी’, म्हणजे कंटकपक्ष, हा गट वेगळा काढला गेला. पुढे लिनीअसने श्रोणिपक्षांच्या, म्हणजे पोटाखालील जोडपंखांच्या, स्थानावर भर दिल्यामुळे काट्यांचे महत्त्व मागे पडले. क्यूव्हिएने ते पुन्हा प्रस्थापित केले. वामेचे शरीर सापासारखे लांब असून तिला श्रोणिपक्ष नसतात. पण तिच्या पाठीवर तीसहून अधिक सुटे काटे असतात, आणि म्हणूनच ती समुद्रातील खऱ्या अहिरमाशांहून वेगळी ठरते. क्यूव्हिए आणि व्हालांसिएन यांनी 1832 मध्ये तिला चक्क बांगड्याच्या कुळात बसवले, हे काट्यांना दिलेल्या अतिरिक्त महत्त्वाचे फळ होते. कर्नल साइक्स यांचा दख्खनच्या माशांवरील निबंध 1841 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हाही वर्गीकरणाची चौकट क्यूव्हिएचीच होती. जनुकीय अभ्यासानंतर मात्र वाम बांगड्यापेक्षा गोड्या पाण्यातील मरळीला अधिक जवळची मानली जाते.