हजेरी: कॅनडातले क्री आणि आपले रामोशी

कराडहून बोलतोय. आज सुरुवात कॅनडातून करू, पण मुक्काम आपल्याकडेच.

क्री हे तिथले मूळ रहिवासी. माळरानावरचे क्री बायसनच्या शिकारीवर जगायचे. बायसन संपले, उपासमार आली, १८८५ मध्ये उठाव झाला. त्यानंतर सरकारने फर्मान काढलं: वस्तीबाहेर जायचं तर साहेबाचा पास दाखवा. गंमत म्हणजे असा कायदा कधी झालाच नव्हता! तरी लोकांना अडवत होते.

आपल्याकडे मात्र रीतसर कायदा केला.

रामोशी म्हणजे गडांचे आणि गावांचे राखणदार. रात्री गस्त घालायची, चोरी झाली तर माग काढायचा, आणि माग नाही लागला तर पदरचं भरून द्यायचं. आजची कुठली सिक्युरिटी कंपनी एवढी हमी देईल? पण १८१८ ला पेशवाई बुडाली, गडांवरचा बंदोबस्त मोडला आणि त्याबरोबर यांची वतनंही गेली. पोटावर पाय आला तेव्हा पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडी गावातले उमाजी नाईक इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी दिलं.

पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला, १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. यादीत जमातीचं नाव चढलं की माणसाने काय केलं हे कुणी विचारायचंच नाही. मी कोड लिहितो, त्या भाषेत सांगायचं तर जन्मतःच 'गुन्हेगार' ही डिफॉल्ट व्हॅल्यू. ठरल्या वेळी हजेरी द्या, परगावी जायचं तर परवानगी काढा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड अख्खी वसाहत होती. त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट'च म्हणतात.

आणि इथून दोन तासांवर, कोल्हापूर संस्थानात, शाहू महाराजांनी १९१८ मध्येच ही हजेरी बंद केली होती. म्हणजे करता येत होतं!

बाकीच्यांना ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत थांबावं लागलं. देश सुटून पाच वर्षं झाल्यावर हे लोक 'विमुक्त' झाले. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केलाच. जमात कागदावरून गेली, पोलिसांच्या नजरेतून नाही.

तुमच्या गावात रामोशीवाडा असेल तर तिथल्या एखाद्या आजोबांना विचारा, हजेरी कुठे लागायची, कोण घ्यायचं. हो म्हणाले तरच रेकॉर्ड करा, आणि मला पाठवा.