पंच्याहत्तर रुपयांची शपथ

मी भिवंडीतून बोलतोय, त्यामुळे मागे लूमचा खडखडाट ऐकू आला तर सांभाळून घ्या. आजचा विषय आहे प्रायव्हेट कॉलेजातले शिक्षक. आपल्याला शिकवणारे सर-मॅडम त्यांच्या नोकरीत समाधानी असतात का?

"शिक्षकानं पैशाकडे बघू नये" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. या विचाराचा एक मोठा धागा पुण्यात जातो. 1880 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. थोड्याच दिवसांत आगरकरही आले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज. म्हणजे टिळक, आगरकर, गोखले हे सगळे प्रायव्हेट कॉलेजचे मास्तर होते, हे आपण विसरूनच जातो.

त्यांचा नियम काय होता? आजीव सभासद व्हायचं, 20 वर्षं द्यायची आणि महिना 75 रुपये घ्यायचे. एवढ्या शिकलेल्या माणसाला सरकारी नोकरीत याहून जास्त मिळालं असतं. त्याग होताच, यात वाद नाही.

पण गोष्टीचा अर्धा भाग आपण सांगतच नाही. हे आजीव सभासद स्वतःच संस्था चालवायचे. वर कुणी मालक नव्हता. काय शिकवायचं, कुणाला घ्यायचं, पैसा कुठे लावायचा, हे शिकवणारेच ठरवायचे. नोकरी उद्या जाईल ही भीती नव्हती. पगार कमी होता, पण कॉलेज त्यांचं स्वतःचं होतं.

आणि तरीही भांडणं झालीच! पगारवाढ घ्यावी का, बाहेरची कामं करावीत का, यावरून वाद पेटला आणि 1890 मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. 1891 मध्ये गणित शिकवायला धोंडो केशव कर्वे आले आणि 1914 पर्यंत तिथेच राहिले. याच नोकरीत असताना, 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. डोक्यावर नोकरीची टांगती तलवार नसली की माणूस काय काय करू शकतो, ते बघा.

1959 मध्ये फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हेच वेगळ्या शब्दांत मांडलं. पगार आणि नोकरीची खात्री नसेल तर माणूस नाराज होतो. पण नुसत्या पगारानं तो खूश होतोच असं नाही. त्यासाठी जबाबदारी, कौतुक आणि पुढे जायची संधी लागते.

आता आपल्या गावात या. 1966 पासूनच्या बीएनएन कॉलेजच्या नावातच भिवंडी निजामपूर नगरपालिका आहे. अशा जुन्या खासगी कॉलेजांना पुढे सरकारी अनुदान मिळालं, यूजीसीच्या वेतनश्रेणी आल्या. शिक्षकाला पहिल्यांदाच धड पगार मिळू लागला. मग 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना दार उघडलं. 2001 मध्ये 'कायम विनाअनुदानित' हा शब्द आला. अनुदानित कॉलेजांतही रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावरचे शिक्षक दिसू लागले.

तासिका तत्त्व म्हणजे काय, हे भिवंडीकराला समजावून सांगायला नको. लूम कामगाराला मजुरी मीटरवर. लाइट गेली, लूम थांबला, मजुरी थांबली. तसंच या शिक्षकांचं. तास झाला तर पैसे. सुट्टी लागली की पगार बंद, आणि जूनमध्ये परत बोलावतील की नाही तेही माहीत नाही. नेट-सेट, पीएचडी झालेली माणसं संध्याकाळी क्लासमध्ये शिकवून घर चालवतात. तरी त्यांना विचारा, बहुतेक जण म्हणतील, "शिकवायला आवडतं." म्हणजे आवड अजून मेलेली नाही. तिच्या जोरावर ही व्यवस्था स्वस्तात चाललीय.

माझं म्हणणं एवढंच आहे. आजच्या शिक्षकाकडून आपण फर्ग्युसनचा त्याग मागतो, पण त्या त्यागासोबत मिळणारा अधिकार आणि खात्री देत नाही. 75 रुपयांची शपथ घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या संस्थेसाठी, स्वतःच्या मर्जीनं घेतली होती. दुसऱ्यानं लादली की तिला शपथ म्हणत नाहीत, पिळवणूक म्हणतात.

तुम्ही कॉलेजात असाल तर उद्या एक करा. तुमचे आवडते सर किंवा मॅडम परमनंट आहेत का, ते विचारा. उत्तर ऐकून कदाचित त्यांच्या लेक्चरला बसायची तुमची पद्धत बदलेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!