सम-विषमांची लढाई

दिवाळीच्या सुट्टीत नात आठ दिवस राहायला आली. चौथ्या दिवशी भात लावायला म्हणून तांदळाचा डबा ओढला, तर त्याच्या मागे तिचं गणिताचं पुस्तक. पाचवीतली पोर. पुस्तक विसरले नव्हते, लपवलं होतं. विचारलं तर आधी हसली, मग रडायला लागली. "आज्जी, मला नाही येत ते. मी आईसारखी नाहीये."

ती आईसारखी नाही, माझ्यासारखी आहे. मी सातवीत असताना आमच्या गणिताच्या मास्तरांनी मला फळ्यासमोर उभं करून सगळ्या वर्गाला सांगितलं होतं, की या मुलीच्या डोक्यात आकडा शिरायला भोकच नाही. वर्ग हसला, मीही हसले. पुढे बी. ए. केलं ते इतिहासाच्या आवडीनं, असं मी सगळ्यांना सांगते. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे ज्या वाटेवर गणित लागणार नाही, ती वाट मी धरली. संसाराचा हिशेब चाळीस वर्षं चोख ठेवला, पण तो हिशेब. त्याला गणित म्हणायचं धाडस मला कधी झालं नाही.

म्हणून ठरवलं, या पोरीसाठी एक खेळ करायचा. पहिला प्रयत्न सगळ्यांना सुचतो तोच: सापशिडीचा पट घेतला, प्रत्येक चौथ्या घरात एक उदाहरण लिहिलं, उत्तर आलं तर पुढं, नाही तर मागं. दोन डावांत नातीनं ओळखलं. "ही परीक्षाच आहे की गं, नुसते फासे लावलेत." खरंच होतं तिचं. गणित एकीकडे आणि खेळ दुसरीकडे, मध्ये मी सुई-दोऱ्यानं टाके घातलेले.

मग खेळांच्या इतिहासावर जे मिळेल ते वाचायला घेतलं आणि त्यात एका विलक्षण खेळाची गाठ पडली. त्याचं नाव ऱ्हिथ्मोमाकिया. ग्रीक भाषेत अरिथ्मोस म्हणजे संख्या आणि माखे म्हणजे लढाई. संख्यांची लढाई! सुमारे हजार वर्षांपूर्वी युरोपातल्या धर्मगुरूंनी आपल्या शिष्यांना अंकगणित शिकवण्यासाठी रचलेला पट.

जर्मनीत वुर्झबुर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या शाळेची आणि वर्म्स इथल्या शाळेची विद्येत चढाओढ चालायची. अशा वातावरणात १०३० च्या सुमारास असिलो नावाच्या वुर्झबुर्गच्या एका धर्मगुरूनं या खेळाचं पहिलं टिपण लिहिलं. शाळेत गणिताला ग्रंथ एकच, बोएथियसचा. हा बोएथियस पाच-सहाव्या शतकातला रोमन विद्वान, राजाची मर्जी फिरल्यावर तुरुंगात गेला आणि मारला गेला. त्याचं अंकगणित म्हणजे बाजारातला हिशेब नव्हे. संख्यांची एकमेकींशी नाती काय, कोणती संख्या कोणत्या संख्येच्या किती पट, असा तो सगळा विचार. पोरांना तो पाठ करायला लागायचा, आणि कंटाळा ही काही आजची गोष्ट नाही.

असिलोनंतर थोड्याच वर्षांत हा खेळ हेर्मान नावाच्या साधूनं हाती घेतला आणि त्याचे नियम नीट बसवले. कॉन्स्टन्स सरोवरातल्या रायखेनाऊ बेटावरच्या मठात तो राहायचा. जन्म १०१३, मृत्यू १०५४. लहानपणापासून अंग इतकं आखडलेलं, की धड हालता येत नसे, बोललेलंही कळायला कठीण. पण त्यानं संगीतावर लिहिलं, तारे मोजायच्या यंत्रावर लिहिलं, इतिहास लिहिला. खुर्चीला खिळलेल्या माणसानं लढाईच्या खेळाचे नियम लिहावेत, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले.

हे वाचताना आपल्याकडचे महावीराचार्य आठवल्याशिवाय राहिले नाहीत. असिलोच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, त्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड, आम्हा बेळगावकरांना फार लांब नाही. गणित कुठं कुठं लागतं ते सांगताना आचार्यांनी संगीत, नाट्य, वास्तू यांच्या पंगतीत स्वयंपाकालाही बसवलंय, हे मला फार आवडतं. आणि त्यांना आकड्यांच्या माळा गुंफायचा नाद होता: १३९ गुणिले १०९ केलं की १५१५१ येतात, दोन्हीकडून वाचा, सारखेच. मोक्षमार्गाचा माणूस, पण आकड्यांशी खेळायला त्याला संकोच वाटला नाही.

असो. पटाकडे येते. आठ घरं रुंद आणि सोळा घरं लांब, म्हणजे बुद्धिबळाचे दोन पट एकाला एक जोडले की झालं काम. एका बाजूला समांची फौज, दुसऱ्या बाजूला विषमांची. प्रत्येकी चोवीस सोंगट्या. काही गोल, काही त्रिकोणी, काही चौकोनी, आणि प्रत्येक सोंगटीवर एक संख्या.

मी लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे कापले. आमच्या घरात लग्नपत्रिका कधी कमी पडत नाहीत. गोल सोंगट्यांना बाटल्यांची झाकणं घेतली. नातीला आकडे लिहायला बसवलं. समांच्या पहिल्या चार: २, ४, ६, ८. पुढच्या चार त्यांचे वर्ग: ४, १६, ३६, ६४. इथपर्यंत बाई खूश. मग त्रिकोण आले, ६, २०, ४२, ७२, आणि त्यानंतर ९, २५, ४९, ८१. तिनं पेन खाली ठेवला. "आज्जी, तू चुकलीस बघ. समांच्या फौजेत नऊ कसा काय?"

शंका बरोबर होती, आणि उत्तर मला येत नव्हतं. दोघी कागद घेऊन बसलो. दोन आणि त्याचा वर्ग चार यांची बेरीज सहा. सहानंतर तीनाचा वर्ग नऊ. सहा आणि नऊ मिळून पंधरा, तो चौकोनी सोंगटीवरचा आकडा. पंधरानंतर पाचाचा वर्ग पंचवीस. चारची रांग घेतली: ४, १६, त्यांची बेरीज २०, पुढे २५, त्या दोघांची बेरीज ४५, मग ८१. म्हणजे फौज समांची असली तरी ती वंशावळीनं चालते! मूळ पुरुष सम, पण लेकीसुना कुठल्याही घरच्या. नातीला हे इतकं पटलं, की विषमांची फौज तिनं माझ्याकडून काढून घेतली आणि ३, ५, ७, ९ वरून स्वतः बांधत थेट ३६१ पर्यंत गेली. त्या शाळांतली पोरं रोमन आकडे लिहीत, ३६१ साठी त्यांना सहा अक्षरं गिरवावी लागत. आपल्याला तीन आकड्यांत भागतं.

आई तेव्हा पलंगावर टेकून वाती वळत होती. ऐंशीच्या पुढची आहे. चौथीत असताना शाळा सुटली. निपाणीला तिच्या वडिलांची तंबाखूची अडत, मुलीच्या जातीला पुढे शिकून काय करायचंय, म्हणून घरी बसवली. पण अडतीवर बसून कानावर पडलेली पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तिला अजून तोंडपाठ आहे. नात मोठ्यानं आकडे वाचत होती: सहा, नऊ, पंधरा. आई म्हणाली, "अगं, ही दिडकी की! सहाची दीडपट नऊ, अडीचपट पंधरा. पुढचं वाच." नातीनं वाचलं, वीस, पंचवीस. "ही सवायकी. विसाची सव्वापट पंचवीस."

अंगावर काटा आला माझ्या. कारण बोएथियसच्या ग्रंथाचा गाभा नेमका हाच आहे. दीडपटीला लॅटिनमध्ये एक वेगळं नाव, सव्वापटीला वेगळं, आणि फौजेतली प्रत्येक रांग त्या नात्यांवर बेतलेली. ज्यासाठी त्या मठांना पट मांडावा लागला, ते आमच्या आईला सव्वा, दीड, अडीच अशा रोजच्या शब्दांत घरबसल्या मिळालं होतं. तिला चौथीनंतर शाळेत ठेवलं असतं तर? हा प्रश्न मी तिला कधी विचारला नाही. त्या दिवशीही विचारला नाही. तिनं चष्मा मागितला आणि वातींचं ताट बाजूला सारलं.

मारामारीचे नियमही मजेचे आहेत. हस्तलिखितागणिक ते थोडे बदलतात, पण ढोबळ असे: गोल सोंगटी एक घर चालते, त्रिकोणी दोन, चौकोनी तीन. नऊला समोर शत्रूचा नऊ भेटला तर तो मारता येतो. दोन सोंगट्यांनी मध्ये धरलं आणि त्यांची बेरीज शत्रूच्या आकड्याइतकी झाली तरी तो पडला. समांच्या चार आणि आठमध्ये विषमांचा बारा सापडला की गेला. लांबूनही हल्ला करता येतो. चारपासून शत्रूचा छत्तीस नऊ घरांवर असेल, तर चार नवे छत्तीस, मारा! मोठ्या धेंडांना मात्र चारी बाजूंनी वेढावं लागतं. प्रत्येक फौजेत एक मनोराही असतो, वर्गांच्या थप्पीचा. समांचा मनोरा ९१, त्यात ३६, २५, १६, ९, ४, १ अशा सहा सोंगट्या एकावर एक. विषमांचा १९०, पण त्याची थप्पी ६४ पासून १६ पर्यंत येऊन थांबते. कळस न चढवलेलं शिखर.

पूर्ण खेळ नातीला आणि मलाही झेपला नाही, हे कबूल करते. आम्ही आधी फक्त गोल आणि त्रिकोणी सोंगट्या घेतल्या, चौकोनी नंतर आणल्या. एक गोष्ट मात्र लगेच लक्षात आली. इथं कुणी उदाहरण घालत नाही. शत्रूचा तीस कसा मारू, हे डोक्यात घोळवत असताना बेरजा, गुणाकार, अवयव सगळं आपोआप होतं, आणि चूक झाली तर मास्तर नव्हे, समोरचा खेळाडू दाखवून देतो.

हा खेळ युरोपात जवळजवळ सहाशे वर्षं टिकला. १४९६ साली पॅरिसला लफेव्र देताप्ल या पंडितानं गणिताच्या ग्रंथांबरोबर तो छापला. १५६३ मध्ये लंडनला त्यावर इंग्रजी पुस्तिका निघाली. १६१६ मध्ये ब्रुन्सविकच्या ऑगस्ट नावाच्या ड्यूकनं टोपणनावानं बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला, त्यातही याला जागा दिली. थॉमस मोरच्या १५१६ च्या 'युटोपिया'तले आदर्श नागरिक जुगार जाणत नाहीत. ते दोनच खेळ खेळतात: एकात संख्या संख्येला लुटते, दुसऱ्यात सद्गुण आणि दुर्गुण लढतात. ते दुसरं वाचल्यावर कोणत्या जैन बाईला ज्ञानबाजी आठवणार नाही? चौऱ्याऐंशी घरांचा तो पट, वर सिद्धशिला, खाली नरक, मध्ये साप. आमच्या आज्जीच्या माहेरी तसा कापडी पट होता म्हणतात. मी पाहिला नाही.

आणखी एक सारखेपणा. पुढच्या लोकांनी संख्यांच्या या खेळाचं श्रेय असिलोकडून काढून पायथागोरसला देऊन टाकलं. आपल्याकडे मोक्षपट ज्ञानेश्वरांच्या नावावर आहे, पण आज हाती असलेले पट त्यांच्यानंतरच्या काळातले आहेत. मोठ्या नावाची शाल पांघरली की खेळाला मान मिळतो, हे सगळीकडे सारखंच.

मग हा खेळ गेला कुठं? माझ्या मते त्याचं गणितच लोकांना लागेनासं झालं. व्यापाराला भारतीय आकड्यांचा हिशेब लागत होता, १२०२ मध्ये पिसाच्या लिओनार्दोनं त्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. पुढे बीजगणित आलं, बोएथियस विद्यापीठांतून मागे पडला आणि त्याच्या नात्यागोत्यांवर उभा असलेला पट सतराव्या शतकात आडवा झाला. बुद्धिबळाला कुठलाच ग्रंथ पाठ करावा लागत नाही, म्हणून ते उरलं. आपली पावकी-निमकी अशीच गेली. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते तोवर पावणे-सव्वाशिवाय दुकान चालत नव्हतं. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि शाळांतून पावकी हळूहळू उतरली. आईला विचारलं तर ती म्हणते, "गेली कुठं? सव्वा किलो साखर आणतेस की."

या खेळात सगळ्यांत मोठा विजय मारामारीचा नाहीच. शत्रूच्या हद्दीत शिरून आपल्या सोंगट्या अशा मांडायच्या, की त्यांच्यात सुरेल प्रमाण दिसावं. ६, ८, ९, १२ ही त्यातली नामांकित चौकडी. ६, ९, १२ सारख्या अंतरानं चढतात, ६ ला ८ तसे ९ ला १२. तंबोऱ्यावर लावून पाहिलं तर सहा म्हणजे षड्ज, आठ मध्यम, नऊ पंचम, बारा वरचा सा. सहा, आठ आणि नऊ समांकडे असतात. बारा मात्र विषमांचा, तो कैद करून आणावा लागतो.

नात परत गेली तेव्हा पट माझ्याकडेच राहिला, कारण डाव अर्धा होता. उन्हाळ्यात आली ती चप्पल काढायच्या आधी पट काढून बसली. पणजी विषमांकडून, ती समांकडून. चार आणि आठमध्ये बारा कोंडून तिनं तो उचलला, आता तिला फक्त नऊ दोन घरं पुढं न्यायचा होता. मी आतून हाक मारली, पानं वाढलीत, या. दोघींपैकी एकीनंही मान वर केली नाही.