आपल्या प्लॉटचा सांगायचा राहिलेला इतिहास

स्मरणिकेत भूमिपूजनाचा फोटो छापणार आहेत असं कळलं. त्यात नारळ आहे, कुदळ आहे आणि आम्ही पाच-सहा जण आहोत. फोटोत न आलेली एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. रिडेव्हलपमेंटचा विषय आता सर्वसाधारण सभेपुढे येतोय, आणि त्या वेळचे आम्ही थोडेच उरलो आहोत.

पाया खणताना मागच्या कोपऱ्यात, जिथे आज दुचाक्या लावतो, हातभर खाली हिरवट-पिवळी माती लागली. या जागेवर पूर्वी पत्र्याची शेड होती, तिथे प्लेटिंगचं जॉबवर्क चालायचं, हे आम्हाला ठाऊक होतं. मी ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, दोन ट्रक मुरूम टाकतो, काही दिसणार नाही." आम्ही हो म्हटलं. कर्जाचे हप्ते सुरू झाले होते, घरभाडंही चालू होतं.

अशी शेड नाशिकला नवी नव्हती. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, सातपूरची वसाहत उभी राहिली, पुढे अंबडची. 'मायको'सारखे मोठे कारखाने आले आणि त्यांच्याभोवती लहान-लहान शेड वाढल्या. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली, माझीही. प्लेटिंगला क्रोमियम, निकेल, कधी सायनाइडची द्रावणं लागतात. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा 1969 मध्येच केला, 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही आलं. पण लक्ष मुख्यतः नदी-नाल्यांवर. नासर्डीचं पाणी सगळ्यांना दिसायचं, जमिनीत मुरलेलं कोणाला दिसणार? 2009 मध्ये केंद्रीय मंडळाने देशातल्या 88 औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात नाशिकला 69.25 मिळाले. सत्तरच्या पुढे 'अतिगंभीर' वर्ग होता. आपण थोडक्यात वाचलो, एवढंच.

जुन्या कारखान्याच्या जमिनीत काय आहे हे शोधायचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न जगभर अडला. अमेरिकेत लव्ह कॅनॉल इथे रासायनिक कचरा पुरलेली जागा 1953 मध्ये एक डॉलरला शाळा मंडळाकडे गेली. तिथे शाळा झाली, शेजारी घरं झाली. 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. 1980 मध्ये सफाईचा कडक कायदा आला, पण मग उलटाच पेच पडला. जबाबदारी गळ्यात येईल या भीतीने जुन्या जमिनीला कोणी हात लावेना, तपासणीसुद्धा करेना. शेवटी 1995 पासून तिथलं सरकार स्थानिक संस्थांना अनुदान देऊ लागलं. त्याचा एक मोठा भाग निव्वळ तपासणीसाठी होता.

आपल्याकडे जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने द्यायची, प्राथमिक तपासणी राज्य मंडळाने करायची. दोषी सापडला तर खर्च त्याच्याकडून; तो सापडलाच नाही किंवा त्याची ऐपत नसली, तर सरकारी पैशातून. पण यादीत नाव गेलंच नाही तर यातलं काहीच आपल्यापर्यंत पोचत नाही. आपली शेड बंद पडून पंचवीस वर्षांवर झाली, मग नाव देणार कोण?

काही सभासद म्हणतात, "काका, कशाला उकरून काढता? फ्लॅटचे भाव पडतील." भीती खोटी नाही. पण रिडेव्हलपमेंटच्या आराखड्यात दोन मजली बेसमेंट आहे. उकरणं तर होणारच. ती माती कामगारांच्या अंगावर उडेल, ट्रकमधून दुसऱ्या कोणाच्या तरी शेतात पडेल. बिल्डरचं 'माती परीक्षण' जमीन किती भार पेलते ते सांगतं. तिच्यात क्रोमियम आहे का, हे ते सांगत नाही. त्यासाठी माती आणि बोअरचं पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत वेगळं द्यावं लागतं. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. आपण बोअरचं पाणी पीत नाही, पण मुलं बागेत त्याच्या पाईपशी खेळतात.

कदाचित काहीच निघणार नाही. तसं झालं तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही.

अशा तपासणीची पहिली पायरी यंत्राची नसते. जुने कागद, बिनशेती आदेश, शेजाऱ्यांच्या आठवणी, इथून सुरुवात होते. म्हणून हा लेख. माझ्या वाटणीची आठवण मी दिली. ज्यांना शेडचा दरवाजा, टाकी, पाणी सोडायची जागा आठवत असेल, त्यांनी सेक्रेटरींकडे लिहून द्यावं. येत्या सभेत मी दोन ठराव मांडणार आहे: कुदळ पडण्याआधी तपासणी सोसायटीच्या निधीतून करावी, आणि जागेची माहिती महापालिकेला लेखी कळवावी.

पंचवीस वर्षांपूर्वी दोन ट्रक मुरमाला मी मान डोलावली होती. या वेळी माझं मत आधीच सांगून ठेवतो.