मुठीतले चार उंचवटे

एक मूठ वळा. मूठ वळल्यावर जे चार उंचवटे दिसतात, त्यांच्यावर आपण लहानपणी एकतीसचे महिने मोजले. आता बोटं सरळ करून फाकवा. फाकतात ना? मग मूठ तशीच ठेवून फाकवून पाहा. जमत नाही. तळहाताच्या हाडाचं गोल डोकं बोटाच्या उथळ वाटीत बसलेलं असतं. बोट वाकलं की बाजूचे बंध ताणले जातात, सांधा घट्ट होतो. म्हणून विळ्याची पकड ढळत नाही.

आता आपल्या पांढरकवड्याच्या शिवारातली वेचणी आठवा. बोंडातला कापूस ओढताना बोटं मुळाशी वाकतात, पण पुढे बरीचशी सरळ राहतात. भाताचा घास घेतानाही तसंच. बोटांची टोकं वाकवणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातात असतात. ही मुळाशी वाकण्याची किमया मात्र तळहातातले छोटे स्नायू करतात.

कुष्ठरोग नेमका इथे घाव घालतो. कोपराजवळची नस निकामी झाली की हे छोटे स्नायू मरतात. मुळाचे सांधे मागे कलतात, बोटं आत वळतात, हाताचा पंजा होतो. लोक म्हणायचे, बोटं झडतात. खरं कारण वेगळं होतं. बधिर हाताला चटका कळत नाही, जखम कळत नाही. ती चिघळते आणि बोट आखूड होत जातं.

1940 च्या दशकात सल्फोन औषधं आली. रोग आटोक्यात येऊ लागला, पण वाकडा हात वाकडाच राहिला. रोग गेलेल्या माणसालाही कोणी कामावर घेईना. 1946 साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी या हातांचा बारकाईने अभ्यास केला. कोपराखालचे पुष्कळ स्नायू जिवंत असतात, हे त्यांनी ओळखलं. मग अशाच एका धडधाकट स्नायूची दोरी मेलेल्या स्नायूच्या जागी वळवली. मुंबईत डॉ. नोशीर अंटिया यांनीही अशा रुग्णांसाठी पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया केल्या.

आपल्या वऱ्हाड-नागपूर भागात दुसऱ्या बाजूने काम चाललं होतं. दत्तपूरला 1936 पासून मनोहरजी दिवाण, अमरावतीच्या तपोवनात 1946 पासून शिवाजीराव पटवर्धन, आणि 1949 नंतर वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याला बाबा आमटे. या मंडळींनी हाताला काम दिलं.

अ‍ॅनॅक्सॅगोरस म्हणाला होता, हात आहेत म्हणून माणूस शहाणा. अ‍ॅरिस्टॉटलने उलटवलं: शहाणा आहे म्हणून त्याला हात मिळाले. मी आयुष्यभर हा वाद वर्गात शिकवला. आज मला वाटतं, दोघांनी धडधाकट हातच डोळ्यांपुढे ठेवला. दुसऱ्याच्या वाकड्या हाताकडे आपण कसं पाहतो, तिथे आपलं शहाणपण कळतं.

आता मूठ सोडा.